नैरोबीमार्गे वडनेर भोलजी

पुंजाजी सातव यांच्याजवळ त्रेचाळीस हवाई पाकिटे होती आणि त्यांपैकी एकावरही त्यांचे नाव नव्हते.

वडनेर भोलजीच्या शाखा टपालघराचे ते पोस्टमास्तर होते. टपालघर म्हणजे त्यांच्याच घराची पुढची ओसरी. तिथे एक मेज, कुलपाची लोखंडी पेटी, पत्रे तोलायचा छोटा काटा, शाईची गादी आणि तारखेचा शिक्का एवढाच सरंजाम. सकाळी मळ्यात वांग्या-मिरचीला पाणी द्यायचे, दुपारी हातपाय धुऊन, टोपी नीट करून मेजाशी बसायचे, असा त्यांचा नेम होता. मराठी सातवीपर्यंत शिकलेला हा माळ्याचा मुलगा शिक्का मारताना इतका गंभीर होई, की समोर उभा असलेला माणूस नकळत चपला काढून ठेवी.

पाकिटांचा नाद त्यांना बावन्न साली लागला. गावचे मोठे जमीनदार नारायणराव देशमुख यांचा पुतण्या शिकायला विलायतेत गेला होता. त्याचे पहिले पत्र थैलीतून निघाले, तेव्हा पुंजाजी ते हातात धरून बसूनच राहिले. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, कडेने लाल-निळ्या तिरप्या पट्ट्या, कोपऱ्यात परक्या राणीचे तिकीट. हे पाकीट समुद्र ओलांडून, ढगांच्या वरून आले आणि शेवटचे तीन-चार कोस टपालाची थैली आणणाऱ्या कडूबाच्या सायकलवर आले! नारायणरावांनी पत्र काढून घेतले आणि पाकिटात तंबाखू बांधायला घेतली, तेव्हा पुंजाजींनी धीर करून विचारले.

"रावसाहेब, ते पाकीट मले देता काय?"

"काय करतं बे त्याचं? आत काही नाही."

"आत नसलं तरी वर हाय न."

नारायणराव मनापासून हसले आणि पाकीट त्यांनी देऊन टाकले. तेव्हापासून पुंजाजींनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. मालकाने टाकल्याशिवाय पाकीट उचलायचे नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय ते टाकले असे मानायचे नाही. या नियमाने चालत नऊ वर्षांत त्रेचाळीस पाकिटे झाली. काही देशमुखांकडची होती. बरीचशी खामगावच्या कापूस-दलालांच्या पेढ्यांवरची होती, कारण बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी रिकामी झाली की पुंजाजी पेढ्यांच्या पायऱ्या चढत आणि कारकुनांना नम्रपणे विचारीत. मँचेस्टर, ओसाका, एडन. गावचे मुख्याध्यापक वामनराव यांनी दिलेल्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात, ज्या त्या देशाच्या पानात, ते ते पाकीट ठेवलेले असे.

पत्नी झुंबरबाईंना अक्षरओळख नव्हती. पण तिकिटावरच्या चित्रांवरून त्या पाकिटे ओळखत. एकदा पुस्तक उन्हात ठेवताना त्या सहज म्हणाल्या, "हे सारे पाकिटं लोकायचे. तुमाले कोनी काऊन लिहीत नाही?"

पुंजाजी हसले. परंतु ते वाक्य त्यांच्या अंगात काट्याच्या टोकासारखे मोडून राहिले. आपण जे जमवले ते दुसऱ्यांच्या ताटातले उरलेले आहे. आपले नाव आणि आपल्या गावाचे नाव घेऊन एकही कागद आजवर आभाळात गेलेला नाही.

म्हणून एकसष्ट सालच्या जानेवारीत वामनराव नागपूरच्या तिकीट-संग्राहक मंडळाचे पत्रक हातात फडकवीत ओसरीवर चढले, तेव्हा पुंजाजींना प्रथम ते खरेच वाटेना.

"मास्तर, पुन्हा वाचा."

"तिसऱ्यांदा वाचतो आहे, पुंजाजी. मुंबईहून नैरोबीला एक नवे जेट विमान सुरू होते आहे. पहिल्या फेरीत जी पाकिटे जातील, त्यांच्यावर खास शिक्का मारणार. कोणीही पाठवावे. आपल्याच नावाचे पाकीट तयार करायचे, तिकिटे लावायची आणि ते दुसऱ्या पाकिटात घालून मुंबईला धाडायचे. ते नैरोबीला जाईल, तिथला शिक्का घेईल आणि परत तुमच्या घरी येईल."

"कोनीही? म्हंजे माळ्यानं पाठवलं तरी?"

"विमानाला काय कळते, आत कोण आहे ते?"

"आन् पत्ता वडनेर भोलजीचा चालते?"

"पत्ता तुमचाच. मी इंग्रजीत लिहून देतो. फक्त एक अट आहे. पाकीट कोरे आणि स्वच्छ पाहिजे. पत्ता आणि तिकिटे यांखेरीज वर काहीही असू नये."

त्या दिवसापासून पुंजाजींचे मन मळ्यात लागेना. तिकिटेही साधी लावायची नाहीत, असे त्यांनी ठरवले होते. हिंदुस्थानात पहिले हवाई टपाल उडाले त्याला फेब्रुवारीत पन्नास वर्षे पुरी होत होती, आणि त्यानिमित्त तीन तिकिटांचा संच निघणार होता. अठरा तारखेला पहाटेच ते नांदुऱ्याला गेले, गाडीने जलंबला उतरले, तिथून रेल्वेफाट्यावरच्या गाडीने खामगावला पोचले आणि टपालघराचे दार उघडण्याआधी तासभर पायरीवर बसून राहिले. खिडकी उघडली तेव्हा रांगेत ते एकटेच होते, तरी त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता. खामगावच्या वाट्याला पूर्ण संच एकच आला होता. जुन्या पद्धतीच्या दुपंखी विमानाचे चित्र त्यांनी तळहातावर घेतले आणि येताना जलंबच्या फलाटावर दोनदा, नांदुऱ्याच्या फलाटावर एकदा, ती तिकिटे जागेवर आहेत ना हे कोटाचा खिसा उघडून पाहिले.

पाकीट तयार झाले. जाड, हस्तिदंती रंगाचे, घडी नसलेले. वामनरावांनी टाक धुऊन, श्वास रोखून पत्ता लिहिला: पुंजाजी सखाराम सातव, वडनेर भोलजी, नांदुरामार्गे, जिल्हा बुलढाणा, महाराष्ट्र. राज्याचे नाव अजून वर्षाचेही झाले नव्हते. ते लिहिताना मास्तरांनी अक्षर थोडे मोठे काढले.

सोमवारी, सत्तावीस फेब्रुवारीला तीन वाजताच्या थैलीतून ते निघायलाच हवे होते. त्यानंतरचे टपाल मुंबईला वेळेत पोचले नसते. दुपारी पुंजाजींनी तिकिटे चिकटवली आणि पाकीट वाळायला कोनाड्यात ठेवले. तेवढ्यात मळ्यातून हाक आली की दांड फुटला आणि पाणी वाफ्यांत शिरले. ते फावडे घेऊन धावले. चिखलाच्या पायांनी परत आले तेव्हा थैलीवाला कडूबा सायकल भिंतीला टेकवून ओसरीवर बसला होता आणि मेजावर पाकीट मांडलेले होते.

पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेले होते.

पुंजाजींनी ते उचलून उजेडात धरले. कडूबा मान खाली घालून सायकलची साखळी तपासू लागला.

"हे कोनं केलं?" पुंजाजींनी विचारले.

"मीनं," आतून झुंबरबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात अपराधाचा लवलेश नव्हता. उलट वेळेवर काम उरकल्याचे समाधान होते. "पहिल्यांदा जाऊन राह्यलं न ते घरातून? लग्नाची पत्रिका कोरी धाडते काय कोनी? आन् इतक्या दूर जाते म्हून खालून मेण लावलं. माह्या कपायाचंच मेण हाय. कुंकू झडू नाही म्हून."

"अवो, कोरं पायजे होतं ते! कोरं! मास्तरनं सांगतलं होतं, वर काई असू नाही!"

"मले कोनी सांगतलं?"

नऊ वर्षे ज्या बाईने पाकिटे उन्हात घातली, वाळवीपासून राखली, तिला या पाकिटाची अट सांगावी हे त्यांना एकदाही सुचले नव्हते. त्यांनी कुंकू कापसाने पुसून पाहिले. लाल रंग फक्त पसरला. नखाने मेण खरवडले तर कागदाचा पापुद्रा उठू लागला. तिकिटांचा दुसरा संच नव्हता.

"भाऊ," कडूबा हळूच म्हणाला, "तीन वाजून राह्यले."

पुंजाजी मेजाशी बसले. लग्नसराईत हळदीने पिवळ्या झालेल्या पत्रिका या मेजावर शेकड्यांनी आल्या होत्या. एकही त्यांनी डागाळली म्हणून परत केली नव्हती. तसा नियमच नव्हता. दुसऱ्याच्या पाकिटाला जो न्याय, तो आपल्या पाकिटाला का नाही? मुंबईवाले नाकारतील तर नाकारोत. आपण आपल्याच हाताने ते इथे अडवायचे नाही.

त्यांनी ते मोठ्या पाकिटात घातले, डिंक लावला, थैलीत टाकले आणि लाखेची मोहोर केली. कडूबा सायकलवर बसता बसता म्हणाला, "काकू, तुमच्या पोरीले नीट पोचवतो, फिकर करू नका!" झुंबरबाई पदराआड हसल्या. पुंजाजी हसले नाहीत.

मग वाट पाहणे सुरू झाले. रोज थैली आली की पुंजाजी ती तळापर्यंत चाचपून पाहत आणि रोज टपाल बाकीच्यांचेच निघे. गावाला तर करमणुकीचा विषयच मिळाला. पारावरून हाळी येई, "काय पोस्टमास्तर, पाकीट आभायात अटकलं काय?" नारायणराव मुद्दाम ओसरीवर येऊन विचारीत, "पुंजाजी, नैरोबीत म्हंते सिंव्ह असतात. वाटेत खाल्लं तर नसंन?"

"पाकिटाले पाहून सिंव्ह पाया पडंन, रावसाहेब. हयदकुंकवाचं हाय."

बोलत असत ते असे. परंतु आठवडा उलटला, दहा दिवस झाले, तसतसा मुंबईच्या कोणा साहेबाने आपले पाकीट डागाळलेले म्हणून टोपलीत टाकल्याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

सोळा मार्चला अमावास्या होती. अवसेला औत धरायचे नाही, म्हणून अर्धे गाव रिकामे, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हणून सगळे खुशीत. ओसरीपुढच्या अंगणात दहा-बारा जण टेकले होते. अंबूबाई नेहमीप्रमाणे खांबाशी बसली होती. तिचा मुलगा भुसावळला रेल्वेत होता आणि त्याच्या कार्डासाठी ती रोज येई. कडूबाची घंटी वाजली, ती नेहमीपेक्षा लांबून आणि न थांबता. तो सायकलवरूनच ओरडत होता, "भाऊ! नांदुऱ्याच्या बाबूनं दाखवलं मले! आलं! आलं!"

पुंजाजी उठले आणि पुन्हा बसले. नियम नियम होता. त्यांनी आधी मोहोर तपासली, मग दोरा कापला, मग थैलीतले टपाल यादीशी ताडून मेजावर एकेक मांडले. सात कार्डे. दोन लिफाफे. आणि सर्वांत खाली, हस्तिदंती.

मग सगळे एकदम बोलू लागले आणि अंगणातली सगळी माणसे ओसरीवर चढली. वामनरावांनी चश्मा पुसला. "हा बघा मुंबईचा खास शिक्का, जांभळा! हे जेट! आता मागे पाहा. हा नैरोबीचा! पाच मार्च! अक्षर किती स्वच्छ आहे पाहा! इकडे परतीचा मुंबईचा, आणि हा आजचा नांदुऱ्याचा. पुंजाजी, गेले आणि आले हो तुमचे पाकीट!"

"नाव? नाव कायम हाय न?"

"हे काय! पुंजाजी सखाराम सातव. वडनेर भोलजी. एक अक्षर हललेले नाही."

पुंजाजींनी पाकीट उलटसुलट केले. हळद फिकटली होती, कुंकू ओघळले होते, आणि जिथे मेण होते तिथे जांभळ्या शाईने कागद धरलाच नव्हता. विमानाचे तोंड होते, पंख होते, खिडक्या होत्या. शेपटीच्या जागी लाल ठिपका होता.

"शेपूट कोठी गेलं बे याचं?" नारायणराव ओरडले.

"काकूनं घरीच ठेवून घेतलं," कडूबा म्हणाला, "परत येन्यासाठी!"

ओसरी हास्याने दणाणली आणि या वेळी पुंजाजीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बिनशेपटीचे का होईना, ते गेले होते. त्याच्या अंगावर चार ठसे होते. पाचवा राहिला होता, आणि तो त्यांच्या हातचा होता. वडनेर भोलजीचा ठसा पाठीवर उठला, की प्रवास पुरा होणार होता.

त्यांनी शिक्का उचलला. तेवढ्यात झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "थांबा. आज अवस हाय."

पुंजाजींनी शिक्का तसाच हातात धरून दाराकडे पाहिले.

"उद्या पाडवा. इतकं दूर जाऊन आलेलं, घरात अवसेले घेता काय त्याले? उद्याची तारीख मारा."

"खरं हाय," नारायणराव म्हणाले. "शिक्का तुह्याच हातात हाय, पुंजाजी. आकडा फिरवला की झालं. पाडव्याचं पाकीट! कसं शोभंन!"

पुंजाजींनी वामनरावांकडे पाहिले. वामनराव चश्मा पुसत म्हणाले, "एका दिवसाने तसे कोणाचे बिघडत नाही." त्यांच्या बोलण्यात मोह होता, पाडव्याची तारीख त्यांनाही आवडली होती.

आणि खोटे कशाला बोलावे, ती पुंजाजींनाही आवडली होती. सतरा मार्च. नव्या वर्षाचा पहिला दिवस. नकाशाच्या पुस्तकात ते पाकीट जो कोणी उघडील, त्याला तो मुहूर्त दिसेल. त्यांचे बोट तारखेच्या आकड्यांवर गेले. एकच आकडा बदलायचा होता.

"माह्यं कार्ड आलं काय रे, पुंजाजी?" खांबाशी बसलेली अंबूबाई म्हणाली. या गडबडीत तिला कोणी विचारलेच नव्हते.

तिचे कार्ड मेजावरच होते. पुंजाजींनी सवयीने ते ओढले, त्यावर शिक्का मारला आणि तिच्या हातात दिले. मारल्यावर त्यांनी पाहिले. सोळा मार्च.

त्यांनी शिक्का मेजावर ठेवला.

"अंबूमायचं कार्ड अवसेले आलं," ते सावकाश म्हणाले, "आन् त्याच थैलीतलं माह्यं पाडव्याले? हे कसं जमंन?"

"मंग हयद काऊन जाऊ देली माही?" झुंबरबाई पुढे आल्या. "तेव्हा चाललं, आन् आता नाही चालत?"

"हयद तू लावली हे खरंच होतं. कोनीही पाहून सांगंन का कोनं तरी लावली. शिक्का म्हंजे, झुंबर, मी सांगतलेलं असते का आज आलं. लोक माह्या सांगन्यावर भरोसा ठेवतात. ज्या दिवशी मी माह्यासाठी आकडा फिरवला, त्या दिवसापासून साऱ्यायच्या कार्डावरचा आकडा खोटा."

झुंबरबाईंनी पाकिटाकडे पाहिले, अंबूबाईच्या हातातल्या कार्डाकडे पाहिले. त्यांना पटले की नाही हे चेहऱ्यावरून कळेना. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हटले, "मारा मंग. पन नीट मारा. त्या नैरोबीवाल्यापेक्षा वाईट उठला तर मी बोलनार हाय."

ओसरीवर पुन्हा गलका झाला. "गादी ओली करा!" "भाऊ, आधी रद्दीवर पाहा!" "सरका बे, उजेड येऊ द्या!" नऊ वर्षांत पुंजाजींनी किती हजार शिक्के मारले असतील, त्यांची गणती नव्हती, आज मात्र त्यांनी घाई केली नाही. त्यांनी एक ठसा रद्दी कागदावर घेतला. अक्षर शाईने भरलेले निघाले. दुसरा घेतला. चांगला. पाकीट पालथे ठेवले, खाली चौघडी कापड घातले, नैरोबीच्या शेजारची कोरी जागा बोटाने मापली. श्वास घेतला. शिक्का सरळ खाली आला, क्षणभर टेकला आणि सरळ वर गेला.

वामनराव सर्वांत आधी वाकले. "वडनेर भोलजी," त्यांनी वाचले. "सोळा, मार्च, एकसष्ट. पुंजाजी, नैरोबीपेक्षा सरस!"

"दाखवा मले," झुंबरबाई म्हणाल्या. अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. पण वर्तुळ कुठेही तुटले नव्हते, एवढे त्यांनी बोट फिरवून पाहिले. "हाव. जमलं."

पुंजाजींनी सहजच ते पाकीट नकाशाच्या पुस्तकाकडे नेले, तोच कडूबाने त्यांचे मनगट धरले.

"असं नाही, भाऊ. हे टपाल हाय. ज्याचं त्याले वाटायचं असते."

"माह्यंच तर हाय."

"मंग खाली जाऊन उभे राहा."

रोज दुपारी या ओसरीवरून पुंजाजी स्वतः नावे पुकारीत आणि ज्याचे त्याने अंगणातून पुढे येऊन पत्र घ्यायचे, अशी रीत होती. गावातल्या प्रत्येकाचे नाव त्यांच्या तोंडून कधी ना कधी पुकारले गेले होते. कडूबाने सगळ्यांनाच खाली पिटाळले. पुंजाजीही टोपी नीट करून तीन पायऱ्या उतरले आणि अंबूबाईच्या शेजारी, माणसांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. अंगणातून ओसरी कशी दिसते हे इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलेच नव्हते.

कडूबाने पाकीट डोळ्यांपुढे धरले. त्याला इंग्रजी येत नव्हते, तरी त्याने पत्ता वाचल्याचा आव आणला आणि पारापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"पुंजाजी सखाराम सातव! हाजर हाय काय?"

"हाव!" पुंजाजी ओरडले आणि दोन्ही हात पुढे करून गर्दीतून वाट काढू लागले.